चलनामांची कुळकथा

संगणकाच्या बाल्यावस्थेत सांख्यिकीच्या दप्तरातील आकड्यांना नावे नव्हती, केवळ जागा होत्या. ऐंशी रकान्यांच्या छिद्रित पत्रावर अमुक रकान्यापासून वय आणि तमुक रकान्यापासून उत्पन्न, एवढा खुलासा कागदी संकेतपुस्तिकेत असे, आणि ती पुस्तिका गहाळ झाली की पत्रांचा अख्खा गठ्ठा निरर्थक ठरे. १९६६ पासून नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात ॲन्थनी बार यांनी, व पुढे जेम्स गुडनाइट प्रभृतींनी, प्रामुख्याने शेतीच्या प्रयोगांसाठी जी ‘सॅस’ प्रणाली रचली, तिच्या संचिकेत मात्र प्रत्येक चलाचे नाव, प्रकार व लांबी ही माहितीच्या सोबतच नांदू लागली. ‘प्रॉक कंटेन्ट्स’ असा हुकूम दिला की त्यांची फेरिस्त छापून येई. परंतु छापील फेरिस्त डोळ्यांसाठी असते, आणि तीवरून शेकडो नावे पुन्हा हाताने उतरविताना एखादे अक्षर निसटणे अटळच होते.

यावरील खरा उतारा, माझ्या मते, पूर्वी आयबीएममध्ये असलेल्या एडगर कॉड यांच्या विचारात होता. १९८५ साली त्यांनी मांडलेल्या सुप्रसिद्ध नियमांपैकी चौथा असे बजावतो की, माहितीसंग्रहाचे स्वतःचे वर्णनही इतर माहितीसारखेच सारणीरूपाने ठेवावे, म्हणजे त्याच भाषेत त्यालाही प्रश्न विचारता येतील. ‘सॅस’मध्ये सारण्यांना प्रश्न विचारणारी ‘प्रॉक एसक्यूएल’ ही आज्ञा आल्यावर हे तत्त्व ‘डिक्शनरी.कॉलम्स’ या सारणीत उतरले: प्रत्येक चलाची तेथे एक ओळ असते; संग्रह (लायब्ररी) व संच (डेटासेट) यांची नावे सांगून, हवी तर केवळ अंकीय चले निवडून, ‘इन्टू’च्या पुढे मॅक्रो-चल, म्हणजे मजकूर साठवून ठेवणारे नाव, लिहावे आणि ‘सेपरेटेड बाय’ने मध्ये मोकळी जागा राखावी, की सारी नामावली पुढील कोणत्याही आज्ञेत घालण्यास सिद्ध होते. येथे दक्षता अत्यावश्यक आहे, कारण संग्रहाचे व संचाचे नाव त्या सारणीत मोठ्या रोमन अक्षरांत असते. लहान अक्षरांत विचारणा केल्यास एकही ओळ सापडत नाही, आणि मॅक्रो-चलात मागील कामाची यादी असलीच तर ती तशीच राहून नव्या हिशेबात निमूटपणे शिरते.

बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये जॉन चेंबर्स व सहकाऱ्यांनी आरंभिलेल्या ‘एस’ भाषेची, आणि ऑकलंडमध्ये रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी तिच्या वळणावर घडविलेल्या ‘आर’ची वाट निराळी. तेथे ‘नेम्स’ हे फलन नावांची यादी एक स्वतंत्र वस्तू म्हणून हाती देते. ती चाळता येते, तिच्यातील नावे निवडता येतात, आणि डाव्या बाजूस तेच फलन लिहून चलांना नवी नावेही बहाल करता येतात.