घेर, उंची आणि रक्तदाब : प्रस्तावना

उच्च रक्तदाब हा शहरातल्या खात्यापित्या माणसांचा आजार, हा समज डहाणू-तलासरीच्या वाटेवर सोडून द्यावा. भातशेतीत, वीटभट्टीवर, चिकूच्या बागेत राबणारी सडसडीत माणसेही त्यातून सुटत नाहीत. दाब वाढला तरी बहुधा काही दुखत नाही. मग चाळिशी-पन्नाशीतला माणूस रोजंदारी बुडवून दवाखान्यात कशाला येईल? त्याच्या पाड्यावर आपणच जायचे.

तिथे आशाताई आधीच पोचलेली असते. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी ती जो फॉर्म भरते, त्यात कमरेचा घेर असतो. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरपुढे जोखमीचे गुण पडू लागतात. त्याहून प्रसिद्ध माप बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन. त्यामागचे सूत्र बेल्जियमच्या अडॉल्फ केतले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले, ते रोगी हुडकण्यासाठी नव्हे. आपल्याकडे ते किती फसवे ठरू शकते, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःच्याच शरीरावरून दाखवले. त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा बीएमआय सारखाच, २२.३, अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

समजा, एका बाईची उंची १५० सेंटिमीटर, वजन ४५ किलो, घेर ७८. बीएमआय २०, म्हणजे ठीक. घेरही मर्यादेत. पण घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा, या तिसऱ्या कसोटीत ती अडकते. कोणते माप मानायचे? माझा कौल तिसऱ्याला, कारण बुटक्या बांध्याच्या माणसाला ८० किंवा ९०ची सरसकट रेघ न्याय देत नाही. तरी मर्यादा खाली आणली की विनाकारण बोलावले जाणारे वाढतात, आणि इथे प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी जाते.

मोजणीत घाई नको. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर टेप धरावी. लुगड्याच्या गाठीवरून घेतलेले माप खोटे. ती गाठ सैल करायला आडोसा हवा आणि मोजणारी बाईच हवी. कापडी टेप वापरून ताणते, ती पोलादी पट्टीवर ताडून घ्यावी.

टेप कोणाला आधी तपासायचे तेवढेच सांगते. निदान व्हायचे ते दंडाला पट्टा बांधून, पाच मिनिटे स्वस्थ बसवून, आणि १४०/९० किंवा वर आल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून. नव्या अभ्यासकांना एकच विनंती : ज्यांचा घेर मर्यादेत आहे त्यांचाही दाब मोजा. टेपमधून किती रुग्ण निसटले, हे त्यांच्याच नोंदींतून कळेल.