ताडावरचा माणूस : चौदा तासांचा घटनाक्रम

भिवंडी म्हटलं की यंत्रमागांचा खडखडाट आणि गोदामांच्या रांगा आठवतात. शहर मागे टाकून अंबाडी-वज्रेश्वरीच्या बाजूला निघालं की बांधावरचे ताड दिसू लागतात. ताडी-नीरा काढणारे त्यांवर चढतात ते बहुधा घरीच केलेल्या साधनांनी. पुढचा घटनाक्रम कुणा एका माणसाचा नाही. अशा अपघातांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी इथे एका रात्रीत ओवल्या आहेत, आणि घड्याळाच्या वेळा त्यापुरत्या धरल्या आहेत. काळ होळीच्या आसपासचा.

दुपारी ४:३० (१४ तास बाकी)

साधन म्हणजे एक लांब, जाड बांबू. पेरांवरच्या फांद्या सपाट न छाटता चार-चार बोटांचे खुंट ठेवायचे, त्याच पायऱ्या. बांबू ताडाला लावून उभा करायचा आणि जागोजागी बांध घालून आवळायचा. ही रचना हुशारीची आहे. खुंट बांबूच्याच अंगचा असतो, त्यामुळे खिळ्यासारखा उपसून येत नाही. बांधायला पूर्वी काथ्याचा दोर असे. आता गोदामातून फुकट मिळणारी प्लास्टिकची पॅकिंग पट्टी असते.

खोट पडते ती इथे. ही पट्टी पॉलीप्रॉपिलीनची. खोक्यावर ती भक्कम असते, पण महिनोन्‌महिने उन्हात राहिली की ठिसूळ होते. गुळगुळीत असल्याने तिची गाठ सरकते. कुठल्याही दोराला गाठ मारली की त्या जागी त्याची ताकद बरीच घटते, कधी कधी निम्म्यावर येते. काथ्या झिजला तर धागे लोंबतात, वजन पडलं की करकरतो. ही पट्टी तुटेपर्यंत काही सांगत नाही.

संध्याकाळी ६:१५ (सव्वाबारा तास बाकी)

फुलोऱ्याच्या दांड्याचा पातळ काप घ्यायचा आणि खाली मडकं अडकवायचं. नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावतात. चुन्याने आंबणं रोखलं जातं. तो नसेल तर हवेतल्या यीस्टमुळे रस काही तासांत आंबतो आणि त्याची ताडी होते. उन्हाने ती आणखी आंबट होते, म्हणून उतरवायची ती दिवस उगवायच्या आत. अंधारात चढण्याची सक्ती या रसामुळेच येते.

बांबूने वजन नीट पेललं. ‘काल धरला’ हीच काय ती त्याची चाचणी.

रात्री ११:३० (७ तास बाकी)

एका ताडीवर घर चालत नाही. संध्याकाळी हा चढणारा गोदामात कंटेनर रिकामा करायला गेला होता, तो आत्ता परततोय. झोप मिळणार जेमतेम पाच तास, आणि खांदे-मनगटं आधीच दमलेली.

पहाटे ५:२० (७० मिनिटं बाकी)

बुंध्यावर दव आहे. कपाळाला टॉर्च, कमरेला आकडीत कोयता, पाय अनवाणी. टॉर्चचा झोत समोरच्या वीतभर सालीवर पडतो. बांबूच्या मागच्या बाजूला, जिथे पट्टीची गाठ आहे, तिथे उजेड पोचत नाही. खालून चौथा बांध उन्हाच्या बाजूचा आहे. त्यावर पांढुरकी भुकटी आली आहे. दिवसा ती नुसत्या नखाने निघाली असती.

पहाटे ५:३५ (५५ मिनिटं बाकी)

शेंडा आला. आता बांबू सोडून झावळ्यांत शिरायचं. ताडाच्या झावळीच्या देठाला करवतीसारखे काळे दात असतात, त्यामुळे हात कुठेही टाकता येत नाही. एक पाय खुंटावर, एक देठाच्या बेचक्यात, आणि क्षणभर माणूस कशालाच नीट धरलेला नसतो.

हा क्षण जगभर ओळखीचा आहे. अमेरिकेत हरणांच्या शिकारीसाठी काही जण झाडाला पट्टा बांधून त्या आधाराने खोगिरात बसल्यासारखे तासन्‌तास लटकतात. चढायच्या पायऱ्या नि दोरांच्या रिकिबी त्यांतले बरेच जण घरीच करतात. आपल्याकडे शिकारीला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, पण झाडावर चढण्याचं गणित दोन्हीकडे एकच. तिथे नवशिक्याला शिकवतात : पाय जमिनीवरून सुटल्यापासून परत जमिनीला लागेपर्यंत झाडाला बांधलेला राहा. बसल्यावर बांधून घेणारे पुष्कळ असतात. माणूस पडतो तो चढताना, उतरताना किंवा पायरीवरून बैठकीवर सरकताना.

पहाटे ५:५१ (३९ मिनिटं बाकी)

मडकी भरून कमरेला आली आहेत, वजन वाढलं आहे. खाली येताना पाय न बघता खुंट चाचपतो. जमीन आता पाच मीटरवर. चौथा बांध सुटतो आणि बांबू बुंध्यापासून बाजूला फिरतो.

पाच मीटर पडायला एक सेकंद लागतो. जमिनीशी पोचताना वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर. तो पायांवर आपटतो आणि मग बसतो. अशा पडण्यात टाचेचं हाड आणि छाती-कंबर जिथे जुळते तिथला मणका, बहुधा छातीचा बारावा किंवा त्याखालचा कमरेचा पहिला, हे दोन्ही एकदम मोडताना दिसतात.

शून्य अजून आलेलं नाही.

पहाटे ५:५८ (३२ मिनिटं बाकी)

तो शुद्धीवर आहे. कंबर भयंकर दुखते, पण पायाची बोटं हलतात आणि पोटरीला चिमटा कळतो. मणका मोडला आहे, मज्जारज्जू शाबूत आहे. याचा अर्थ तो पुन्हा चालू शकतो. आत्ता या शेतात यापेक्षा मोलाची गोष्ट दुसरी नाही, आणि तिथल्या कुणालाच ते ठाऊक नाही.

सकाळी ६:३० (शून्य)

बांधावरून चौघे धावत येतात. “काका, उठता येतंय का?” “अरे, बघत काय बसलात? खांदे धर तू, मी पाय धरतो.” माया खरी, घाईही खरी. काखेत आणि गुडघ्याखाली हात घालून उचलतात, शरीर मध्ये वाकतं. मग दोघांच्या मध्ये मोटरसायकलवर बसवून, डोकं पुढच्याच्या पाठीवर टेकवून रस्त्याकडे निघतात. मोडलेल्या मणक्याचा तुकडा मज्जारज्जूत घुसायला एवढं वाकणं पुरतं. रस्त्याला लागेपर्यंत तो म्हणतो, पाय कुठेत ते कळत नाहीये.

त्यानंतर

जमीन नावावर असती तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचं दार उघडं होतं. मृत्यू किंवा दोन्ही पाय निकामी झाल्यास तिच्यात २ लाख रुपये मिळतात. पण ती योजना सातबारावरच्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरच्यासाठी आहे. दुसऱ्याचे ताड भाड्याने घेणारा तिच्यात बसत नाही.

सारा दोष घरगुती साधनाच्या माथी मारणं सोपं आहे. बांबू वाईट नव्हता. तो चढवायला केला होता आणि त्याने चढवलं. पडणाऱ्याला धरायला मात्र काहीच केलेलं नव्हतं. केरळात नारळ विकास मंडळाने २०११पासून ‘नारळाच्या झाडांचे मित्र’ घडवले, तेव्हा चढण्याच्या यंत्राबरोबर प्रशिक्षण आणि विमाही दिला. इथे तशा योजनेची वाट बघायची गरज नाही. खांबावर चढणारा वायरमन कमरपट्टा वापरतो, तसा कमरेभोवती आणि बुंध्याभोवती फिरणारा दोर घ्यावा. बांबूच्या प्रत्येक बांधापाशी तो अडेल, म्हणून दोन दोर हवेत : दुसरा पलीकडे अडकवल्याशिवाय पहिला सोडायचा नाही. बांधायला पॅकिंग पट्टी नको, आणि होळीआधी सगळे बांध दिवसाउजेडी नव्याने आवळावेत.

चढणाऱ्याइतकंच खालच्यांनीही शिकायला हवं. पडलेल्याला उठवू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. डोकं दोन्ही हातांनी जागीच स्थिर धरा आणि १०८ला फोन करा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४पासून आहे आणि फुकट आहे. हलवणं टळतच नसेल तर दाराची फळी आणा आणि चौघांनी एकाच वेळी, ओंडका फिरवावा तसं मान-पाठ-पाय एका रेषेत ठेवून त्याला फळीवर घ्या. ताडी-नीरा काढणाऱ्या प्रत्येक पाड्यावर हे चौघे कोण, ते होळीच्या आधीच ठरलेलं असावं.