तोफगाडा, प्रदर्शनी

तोफगाडा, प्रदर्शनी : जुनी, वजनदार तोफ जमिनीपासून उंच ठेवून प्रदर्शित करण्यासाठी केलेला लाकडी आधार.

पंधराव्या शतकात यूरोपमध्ये नळीच्या दोन्ही बाजूंना खुंट ठेवण्याची पद्धत रूढ झाली आणि तोफ गाड्यावर तोलणे सुकर झाले (पहा : तोफ). पुढे वापर थांबल्यावर किल्ल्यांवरील बहुतेक गाडे कुजले व नळ्या जमिनीवर आल्या. महाराष्ट्रात अलीकडे दुर्गसंवर्धन संस्थांनी अनेक किल्ल्यांवर सागवानी गाडे बसविले आहेत (पहा : दुर्गसंवर्धन).

गाड्यात दोन जाड बाजूफळ्या, त्यांना जोडणारे आडवे दांडे व चाके असतात. फळ्यांवरील अर्धगोल खाचांत खुंट बसतात व वरून लोखंडी पट्टी येते. खुंट साधारणतः गुरुत्वमध्याच्या किंचित पुढे असल्याने नळीचा मागचा भाग खाली झुकतो. तो पाचरीवर टेकवतात. उघड्यावर पावसाचे पाणी साचू नये म्हणून तोंड थोडे उतरते ठेवतात. नळीला भोक पाडणे वा जोडकाम करणे वर्ज्य असते. ओकसारख्या टॅनिनयुक्त, ओलसर लाकडाच्या स्पर्शाने लोखंड गंजते. म्हणून मुरलेले कोरडे लाकूड घेतात (पहा : गंज).

जमिनीतील ओलाव्याशी संपर्क तुटल्याने धातू टिकतो. नळीवरील लेख, मुद्रा व वजनाचे आकडे अभ्यासता येतात.