पावसाळ्यात तडकणारी काडतुसे

१८५७ चा धडा शिकवताना काडतुसांपाशी आपण सगळेच थोडे थांबतो. एन्फिल्ड बंदुकीचे काडतूस म्हणजे दारू आणि गोळी बांधलेली कागदाची पुडी. तिला लावलेले वंगण आणि ती दातांनी तोडण्याची पद्धत यांवरून जो असंतोष उसळला तो मुलांना ठाऊक असतो. मग धडा पुढे सरकतो आणि काडतूस मागेच राहते. त्या कागदी पुडीचे पुढे काय झाले, हे मात्र इतिहासाच्या पुस्तकात येत नाही, आणि विज्ञानाच्या पुस्तकातही नाही.

दहाच वर्षांत कागदाची जागा धातूने घेतली. १८६० च्या दशकात इंग्रजांनी पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून त्याची नळी केली आणि तिला लोखंडी बूड जोडले. जोडकामच ते. तापलेल्या बंदुकीत अशी नळी चिकटून बसे, आणि ती ओढून काढताना बूड तेवढे हातात येई. १८८५ मध्ये सुदानच्या वाळवंटातील लढाईत ऐन वेळी बंदुका अडल्या, तेव्हा या काडतुसाची लाज गेली. त्यानंतर ब्रिटिश सैन्याने एकाच तुकड्यातून ओढून काढलेली, सांधा नसलेली पितळी नळी पत्करली.

‘ओढून काढलेली’ हा शब्द नीट समजून घेऊ. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त अशा पितळेची जाड चकती घ्यायची. ती भोक असलेल्या पोलादी डायवर ठेवून पंचाने दाबली की तिची वाटी होते. ही वाटी क्रमाक्रमाने अधिक अरुंद डायमधून ढकलली की ती लांब आणि पातळ होत जाते. शेवटी तोंडाकडचा भाग आवळून त्याची मान तयार करायची. ऐकायला सोपे वाटते, पण प्रत्येक ओढीगणिक पितळ कडक होत जाते. एका मर्यादेनंतर आणखी ओढू गेले तर ते फाटते. म्हणून दोन ओढींच्या मध्ये ते तापवून पुन्हा मऊ करावे लागते.

पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांना यात नवल वाटणार नाही. घडवताना कडक झालेले भांडे ते भट्टीत तापवून मऊ करतात, आणि शेवटी मठारकाम करून मुद्दाम कडकपणा आणतात. वर्गातही हे दाखवता येते. तांब्याची जाडसर तार चार-पाच वेळा वाकवून सरळ करा. ती वाकेनाशी होईल. स्पिरिटच्या दिव्यावर लाल करून पाण्यात बुडवा. ती पुन्हा सुतळीसारखी मऊ. पोलाद असे बुडवले तर कडक होते, तांबे होत नाही, हा फरक मुलांना जरूर विचारायला लावावा.

आता आपल्या गोष्टीला हिंदुस्थानात वळण मिळते. पावसाळ्यात मोहिमा थंडावतात, ही आपल्याकडची जुनीच रीत. सीमोल्लंघन दसऱ्याला होते ते उगाच नव्हे. इंग्रजी फौजाही पावसाळ्यात बऱ्याच अंशी स्वस्थ बसत, आणि तेवढ्या काळात दारूगोळा पागांमध्ये ठेवला जाई. पाऊस सरल्यावर पेट्या उघडाव्यात तर काही काडतुसांना उभे तडे गेलेले! कोणी ती आपटलेली नाहीत, उडवलेली नाहीत, त्यांच्यावर ओझेही ठेवलेले नाही. सैनिकाच्या दृष्टीने ही साधी बाब नव्हती. तडकलेली नळी वायू आत कोंडून धरू शकत नाही, आणि तिच्यावर भरवसा ठेवणाऱ्याचा चेहरा बंदुकीपासून वीतभर अंतरावर असतो. ठरावीक ऋतूत घडणारा प्रकार म्हणून इंग्रजांनी त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव दिले. नाव मिळाले, पण कारण मिळायला १९२१ साल उजाडले.

त्या वर्षी मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन ब्रिटिश धातुशास्त्रज्ञांनी उलगडा केला. गुन्हेगार दोन होते, आणि एकट्याने कोणालाच काही साधले नसते. पहिला नळीतच दडलेला होता. डायमधून ओढताना पितळेचे सगळे थर सारखे ताणले जात नाहीत. काम संपल्यावर काही थर ताणलेल्या आणि काही दबलेल्या अवस्थेत एकमेकांना धरून राहतात. अशी नळी लांबीच्या दिशेने कापली तर ती आपोआप थोडी उघडते. दुसरा गुन्हेगार हवेत होता. घोड्यांच्या मूत्रापासून अमोनिया तयार होई. दमट हवेत तो पितळेवर बसे आणि तांब्याशी संयोग पावे. तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात अमोनिया घातल्यावर येणारा गडद निळा रंग प्रयोगशाळेत आपण दाखवतो. तीच ही जोडी. ही रासायनिक क्रिया ताणलेल्या पितळेत कणांच्या सीमारेषांवर आधी पोखरत जाते, आणि आतला ताण ती फट रुंदावत नेतो.

उपाय त्या मानाने किरकोळ होता. नळी सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की आतला ताण बहुतांशी निघून जातो, कडकपणा मात्र जवळजवळ तसाच राहतो. पूर्ण मऊ करण्यासाठी याहून पुष्कळ जास्त उष्णता लागते. या दोन तापमानांमधले अंतर उपयोगी पडले, ही आम्हाला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

याच सुमारास अमेरिकेत हेच पितळ वेगळ्या लोकांच्या हाती पडले होते. तेथे काही बंदूकघड्ये व हौशी नेमबाज कारखान्याच्या तयार नळीला आपल्या मनासारखा आकार देऊ लागले. कोणताही कारखाना विकत नसलेल्या या काडतुसांना ते ‘वाइल्डकॅट’, म्हणजे रानमांजर म्हणत. लष्करी काडतुसाची मान आवळून नीडनर नावाच्या कारागिराने १९२० च्या सुमारास केलेले एक रानमांजर रेमिंग्टन कंपनीने १९६९ मध्ये ‘.२५-०६’ या नावाने माणसाळवले. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, त्यामुळे हा छंद येथे रुजण्याचा प्रश्नच नव्हता.)

रानमांजराची खरी अडचण डायची. बाजारात नसलेल्या काडतुसाची डायही बाजारात नसणार. तेव्हा ती एकेका गिऱ्हाइकासाठी कातून घ्यावी लागे. बंदूक उडाली की नळी फुगून तिच्या कोठीचा हुबेहूब ठसा घेते. म्हणून डाय करणारा गिऱ्हाइकाकडून उडवलेल्या नळ्या मागवी, त्या मोजी आणि त्यांच्याहून इंचाच्या काही सहस्रांश भागांनी अरुंद डाय कोरी. पितळ डायमधून सुटल्यावर किंचित परत फुगते, त्याचाही हिशेब आधीच धरावा लागे. अशा कामांतूनच काही छोट्या कार्यशाळांचे पुढे मोठे उद्योग झाले. फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावी सुरू केलेला ‘आरसीबीएस’ हा त्यांपैकी एक. युद्धामुळे माल मिळेना, तेव्हा उडवलेल्या लहान काडतुसांच्या नळ्यांपासून गोळ्यांची आवरणे घडवणाऱ्या डाय त्यांनी केल्या होत्या.

या कारागिरांनाही तडे चुकले नाहीत. पुन्हा पुन्हा आवळलेली मान कडक होऊन चिरते. तेव्हा तेही ती तापवून मऊ करीत, पण फक्त मानच. बुडाला धडाक्याचा दाब सोसायचा असतो, ते मऊ होऊन चालत नाही. म्हणून नळ्या पाण्याच्या परातीत उभ्या करायच्या आणि वरच्या टोकाला ज्योत लावायची. लष्करी काडतुसाच्या मानेभोवती निळसर-तपकिरी डाग दिसतो, तो याच तापवण्याचा. शिकारीच्या काडतुसांवरून तो घासून काढतात, कारण गिऱ्हाइकाला चकचकीत माल हवा असतो. लष्कर तो तसाच राहू देते.