लुगड्याचा फिलाडेल्फियातला हिवाळा

फेब्रुवारी १८८३मध्ये कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर इथे आनंदीबाई जोशी इंग्रजीत बोलायला उभ्या राहिल्या. अमेरिकेत जाऊन डॉक्टर होण्याचा आपला विचार का, हे त्यांना लोकांना सांगायचे होते. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी सांगितले. रीतभात, अन्न आणि पोशाख यांत बदल करणार नाही, असा शब्दही भर सभेत दिला. तेव्हा त्यांना अजून अठरावे सरायचे होते. या तिन्हींत पेच पडला तो पोशाखाच्या बाबतीत, आणि तो त्यांनी ज्या रीतीने सोडवला त्याची हवी तेवढी दखल घेतली गेलेली नाही.

आनंदीबाई माहेरच्या यमुना, कल्याणच्या जोशी घराण्यातल्या. रेल्वे ठाण्याची खाडी ओलांडून, कळव्याच्या बाजूने कल्याणला पोचली ती मे १८५४मध्ये, म्हणजे त्यांच्या जन्माच्या अकरा वर्षे आधी. त्या काळच्या कल्याणात ब्राह्मण घरची बाई नेसायची ते नऊवारी लुगडे. समोर निऱ्या, मागे घट्ट खोचलेला कासोटा, अंगात पुढे गाठ मारलेली आखूड बाह्यांची चोळी. या नेसण्यात पाय मोकळे राहतात. विहिरीचे पाणी शेंदता येते, जात्याशी बसता येते, चिखलातून चालता येते. आत परकर घालायचा नाही, त्याची गरजच नसते. पोटऱ्या उघड्या राहतात, चोळीखाली पोटही थोडे उघडे राहते. कोकणपट्टीच्या दमट हवेत याहून शहाणा वेष सुचणे कठीण.

४ जून १८८३ला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना आपल्या घरी नेले. उन्हाळा बरा गेला. शरद ऋतूत त्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या आणि मग पेनसिल्वेनियाची थंडी अंगावर आली. बर्फात लुगडे पुरेना. पाश्चात्त्य झगा घालावा, तर दिलेला शब्द मोडतो. लुगड्यातच राहावे, तर उघड्या पोटऱ्या गारठतात, आणि तिथल्या लोकांच्या नजरेला उघडे पाय खटकतात ते वेगळेच. आनंदीबाईंनी तिसरी वाट काढली. त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. या साडीने पाय घोट्यापर्यंत झाकले जात, आणि आतून परकर घालता येत असे.

ही पद्धत त्यांना अनोळखी नव्हती. त्यांचे पती गोपाळराव पोस्टात नोकरीला. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, कच्छमधले भूज, कलकत्ता अशा त्यांच्या बदल्या होत आणि आनंदीबाईंची बिऱ्हाडेही तशीच हलत. मुंबईत आणि भूजमध्ये गोल, म्हणजे कासोट्याविना, साडी नेसणाऱ्या बायका त्यांच्या रोजच्या पाहण्यातल्या. त्याआधी दोन दशके बंगालची एक सून याच मुंबईत हेच शिकली होती. सत्येंद्रनाथ टागोर हे सनदी सेवेतले पहिले भारतीय. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी मुंबईत राहिल्या, पारशी-गुजराती बायकांचे नेसणे त्यांनी उचलले, त्यात आपले फेरफार केले आणि ते बंगालात नेले. घराबाहेर पडणाऱ्या बाईला अंगभर वेष हवा होता, तो या शहराने पुरवला.

आनंदीबाईंनी शब्द मोडला असे काही जण म्हणतील. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. घरापासून हजारो मैलांवर, वडीलधारे कोणी जवळ नसताना, एकटीने घेतलेला हा निर्णय होता. आपले काय सोडायचे नाही आणि काय बदलले तरी चालेल, यातला फरक त्यांना नेमका कळला होता. त्यांच्या पदवीचे कौतुक आपण करतो, तेवढेच या समजेचेही करायला हवे.

१० ऑक्टोबर १८८५ची तारीख असलेले कॉलेजातले एक छायाचित्र आज जगभर ओळखले जाते. त्यात तिघी विद्यार्थिनी आहेत. आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत आणि सीरियाच्या सबत इस्लामबुली त्यांच्या देशी पोशाखात. परदेशी विद्यार्थिनींना तिथे कुतूहलाने पाहिले जाई, हे त्या मांडणीतही दिसते. पण तिघींच्या नजरा सरळ आहेत. ११ मार्च १८८६ला आनंदीबाई डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. फिलाडेल्फियाची थंडी आणि न मानवणारे अन्न यांनी आनंदीबाईंची प्रकृती आधीच ढासळली होती. क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा बाविसावे वर्षही पुरे झालेले नव्हते.

रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तरी साडी सोडली नाही. उलट अमेरिकेवर लिहिलेल्या मराठी पुस्तकात त्यांनी तिथल्या बायकांच्याच पोशाखाची परीक्षा घेतली. कंबर आवळणारे पट्टे आणि टोप्यांवर पिसांसाठी मारलेले पक्षी यांवर त्या चांगल्याच तुटून पडल्या. १८८९मध्ये लंडनला वैद्यक शिकायला गेलेल्या रखमाबाईही परत आल्या त्या साडीतच.

पुढे गोल साडी महाराष्ट्राच्या घरांतही शिरली. तिला आनंदीबाई कारण झाल्या असे नाही. मुलींच्या शाळा-कॉलेजे आली, नोकऱ्या आल्या, गिरणीच्या पातळ साड्या आल्या, मुंबईच्या मिश्र वस्तीचा वारा लागला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहरातल्या तरुण मुली पाचवारीच नेसू लागल्या आणि लुगडे आजीकडे राहिले. अमेरिकेने १९६५मध्ये स्थलांतराचा कायदा बदलल्यावर मराठी डॉक्टर-इंजिनीअरांची कुटुंबे तिकडे गेली, त्यांच्या बॅगांत पाचवारी साड्याच होत्या. एखादी पैठणी मलमलीत गुंडाळून ठेवलेली असे. घडी अधूनमधून बदलावी लागते, नाहीतर जरीवर रेशीम कापले जाते, हे आईने बजावून सांगितलेले असे.

आता प्रवाह उलटा वाहतो आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२चे, उत्तर अमेरिकेचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१चे. अशा मंडळांच्या गणपतीत आणि पाडव्याला नऊवारीचीच हौस दिसते. इकडे डोंबिवलीत गणेश मंदिराच्या पुढाकाराने १९९९पासून पाडव्याची शोभायात्रा निघते आणि तिथे मुली नऊवारी नेसून मोटारसायकली चालवतात. दिवाळीच्या पहाटे तिथला फडके रोडही पारंपरिक वेषातल्या तरुणाईने फुलतो.

परदेशातल्या मुलीला कासोटा घालून देणारी आजी जवळ नसते. म्हणून शिवलेली नऊवारी आली. तिच्यात निऱ्या आणि कासोटा आधीच बसवलेले असतात, कमरेला नाडी असते, आणि ती पायजम्यासारखी चढवता येते. माप फोनवर सांगितले की पुरते. कंबर, नितंब, कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची. सोबत खणाचे ब्लाउज, ठुशी, आणि नाक न टोचलेल्या मुलींसाठी दाबाची नथ. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत, कळव्यासारख्या ठिकाणीही, घरगुती शिलाईयंत्रावर अशा साड्या शिवल्या जातात. शिवणारीला अंतर माहीत असते. एवढ्या लांबून साडी दुरुस्तीला परत येणार नाही, म्हणून शिवणीत कापड जास्तीचे सोडायचे आणि बाई जाड झाली तर उसवता येईल अशी टीप घालायची.