सॅली फोनची वाट का पाहते?

आज एका अमेरिकन विनोदी मालिकेची गोष्ट सांगते. तिचं नाव 'थर्ड रॉक फ्रॉम द सन', म्हणजे सूर्यापासूनचा तिसरा दगड, आपली पृथ्वी! ९ जानेवारी १९९६ ला ती तिकडच्या टीव्हीवर सुरू झाली आणि २००१ पर्यंत चालली. बॉनी आणि टेरी टर्नर या नवरा-बायकोने ती रचली.

परग्रहावरचे चौघे माणसांचा अभ्यास करायला ओहायो राज्यातल्या एका गावी येतात. माणसांची शरीरं घेऊन एक कुटुंब म्हणून राहतात. म्होरक्या डिक कॉलेजात प्राध्यापक होतो. वयाने सगळ्यांत मोठा असतो टॉमी, पण त्याला मिळतं पोरसवदा शरीर, म्हणून त्याला हायस्कूलच्या बाकावर बसावं लागतं. आणि सॅली? ती फौजेतली अधिकारी. तिच्या वाट्याला बाईचं शरीर येतं आणि त्याच्या पाठोपाठ झाडलोट-स्वयंपाकही. मीच का बाई व्हायचं, हे ती पहिल्याच भागात विचारते.

सुरुवातीच्याच एका भागात सॅली पहिल्यांदा 'डेट'वर जाते. डेट म्हणजे लग्न ठरलेलं नसताना मुलगा-मुलगीने ठरवून एकत्र बाहेर जाणं, ओळख करून घेणं. ती घरी येते आणि त्याच्या फोनची वाट पाहत बसते. लढवय्यी बाई, पण फोनपुढे हतबल. आपल्याकडे पोहे खाऊन मंडळी 'कळवतो' म्हणून जातात ना, तसंच.

मला प्रश्न पडला, फोन त्यानेच करायचा हे ठरवलं कुणी? वाचत गेले तेव्हा कळलं की हा नियम काही फार जुना नाही.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या खात्यापित्या घरांत उलटी रीत होती. मुलगा मुलीच्या घरी भेटीला यायचा, पण बोलावणं आल्याशिवाय नाही. बोलावणं द्यायचं आईने, मुलगी मोठी झाली की तिने स्वतः. नको असेल तर 'घरात नाहीत' असा निरोप दारातूनच मिळे. बैठकीची खोली बायकांची, म्हणून शब्दही बायकांचा. (अर्थात आईचा पहाराही तिथेच असायचा, हे विसरायला नको.)

मग शहरं वाढली. कारखान्यांत, दुकानांत काम करणाऱ्या गरीब मुली भाड्याच्या एका खोलीत दाटीवाटीने राहत. पाहुणा बसवायचा कुठे? म्हणून भेटीगाठी बाहेर सुरू झाल्या, नाचाच्या हॉलमध्ये, जत्रेसारख्या करमणुकीच्या बागांत, पुढे सिनेमाला. 'डेट' हा शब्द या अर्थाने १८९६ साली शिकागोच्या एका वर्तमानपत्रातल्या लेखनात छापलेला सापडतो. १९२० च्या सुमारास ही पद्धत वरच्या घरांतही पोचली.

मुलींना मोकळीक मिळाली, हे खरंच. पण बाहेर जायचं म्हणजे तिकीट, खाणं, गाडीभाडं. मुलींचा पगार पुरुषांपेक्षा कितीतरी कमी, खर्च मुलाने करायचा. आणि ज्याचा खर्च, त्याचंच बोलावणं! मुलीने आपणहून विचारणं म्हणजे आगाऊपणा, असं मग शिष्टाचाराची पुस्तकंही सांगू लागली. चाळीस वर्षांपूर्वी तिच्या आईकडे असलेला शब्द असा हातातून गेला, कुणी ओरबाडून न घेता. बचत गटाचं काम करताना मला हे ठिकाण ओळखीचं वाटतं.

टॉमीच्या हायस्कूलचंही तसंच. १९१० मध्ये अमेरिकेतल्या दहा मुलांमागे जेमतेम एक जण हायस्कूल पुरं करायचा, बाकीचे कामाला. १९४० पर्यंत निम्मे करू लागले, कारण १९३० नंतरच्या मंदीत पोरांना कामच मिळेना. एकाच वयाची मुलं-मुली दिवसभर एका छताखाली आली, आणि कोण कुणाबरोबर फिरतंय हीच तिथली प्रतिष्ठा झाली. 'टीनएजर' हा शब्दही १९४० नंतर रुळला.

सॅलीचं काम क्रिस्टन जॉन्स्टन या नटीने केलं. त्यासाठी तिला १९९७ आणि १९९९ अशी दोनदा एमी पारितोषिकं मिळाली. मालिका आली तेव्हा अमेरिकेतल्या बायका नोकऱ्या करत होत्या, स्वतःच्या पैशाने सिनेमाला जात होत्या. पहिला फोन मात्र अजून त्यानेच करायचा होता. सॅलीला पृथ्वीवर येऊन थोडेच दिवस झाले होते, तरी एवढं ती शिकली होती.