उजेड अडवणारे हात

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते, तर विल्यम जॉन्सन तिच्या सुरुवातीच्या धुरिणांपैकी एक. मुंबईत दिसणाऱ्या जातीजमातींवर जॉन्सनने फोटोंचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ साली. दुसरा खंड महाराष्ट्राचा. त्यातली माणसं देखाव्यापुढे ऐटीत उभी दिसतात, पण अनेक जण तिथे कधी उभे राहिलेच नव्हते. माणसांची काचेची निगेटिव्ह वेगळी, मागच्या देखाव्याची वेगळी. कागदावर एक उमटवताना दुसऱ्याची जागा झाकून ठेवायची, मग उलट. तेव्हाचा कागद उन्हात सावकाश रंगत असे, त्यामुळे झाकाझाकीला सवड मिळे.

कौशल्य थोरच. तरीही माहिती म्हणून छापलेल्या पुस्तकात अशी जोडणी करणं खटकतं, कारण पाहणारा ते चित्र पुरावा समजतो.

पुढे निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणारा एन्लार्जर आला आणि मिनिटांचे सेकंद झाले. झाकाझाकी मात्र राहिली. डॉजिंग म्हणजे तारेला चिकटवलेल्या पुठ्ठ्याने कागदाच्या एखाद्या भागावरचा उजेड अडवणं. बर्निंग म्हणजे बाकीचं झाकून तेवढ्याच भागाला जादा उजेड देणं. हात सतत हलता हवा, नाहीतर कडेची रेघ उमटते. अडचण मात्र कागदाची होती: सौम्य किंवा कडक, पाकिटावर जी ग्रेड, तीच अख्ख्या फोटोला. इल्फर्डने १९४० मध्ये मल्टिग्रेड कागद आणला, आणि फिल्टर बदलून एकाच कागदावर दोन्ही साधू लागलं.

तारापूरचा किल्ला घ्या. पोर्तुगिजांची ही तटबंदी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतली.  दुपारी तिचा फोटो काढला तर सावलीतला तट काळा आणि आभाळ पांढरंफटक. स्प्लिट-ग्रेडमध्ये, म्हणजे एकाच कागदाला दोन फिल्टरखाली दोनदा उजेड देताना, आधी पिवळ्या, सौम्य फिल्टरखाली आभाळाची छटा बसवतात, मग जांभळट, कडक फिल्टरखाली तटाचा काळा रंग. सौम्य उजेडाच्या वेळी तट थोडा झाकला, तर त्यावरचा करडा पडदा हटून दगड न् दगड सुटा दिसतो. आभाळाला जादा उजेड द्यायचा तो सौम्य फिल्टरखालीच. कडक फिल्टर तिथे फारसा उमटत नाही. कुठे किती सेकंद झाकलं, हे जाणता कारागीर चाचणीच्या प्रिंटवरच पेनाने लिहून ठेवतो.